टॉवेलची आई

१९५८ सालच्या ऑगस्टची ३१ तारीख. वॉशिंग्टन शहरात अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं ६६वं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. अध्यक्षीय भाषणाला उभा राहिला तो विस्कॉन्सिन विद्यापीठातला बावन्न वर्षांचा एक प्राध्यापक. भाषणासाठी त्याने विषय निवडला होता प्रेम. त्या काळी हा विषय कवींचा आणि कादंबरीकारांचा. प्रयोगशाळेतल्या माणसाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, असा जणू दंडकच होता. उंदराला चक्रव्यूहातून वाट किती वेळात सापडते, दाणा मिळाला की कबुतर कळ पुन्हा किती वेळा दाबतं, हे मोजायचं आणि त्यावरून मनाचे नियम बांधायचे, अशी रीत होती. या प्राध्यापकाने मात्र माकडाच्या पिल्लांची छायाचित्रं दाखवली आणि तान्ह्या जिवाला आई का हवी असते, या प्रश्नाचं उत्तर मोजून-मापून सभेपुढे ठेवलं. ते उत्तर दूध हे नव्हतं.

त्या प्राध्यापकाचं नाव हॅरी हार्लो. लहानपणीचा आघात शरीरात घर करून बसतो आणि पुढे कधीतरी नैराश्याच्या रूपाने डोकं वर काढू शकतो, हे आज डॉक्टर सहज सांगतात. आपणही मान डोलावतो. पण या ज्ञानाची वाट जिथून सुरू होते, तिथल्या पहिल्या काही दगडांवर हार्लोचं नाव कोरलेलं आहे. ज्याने प्रेमाचं महत्त्व सिद्ध केलं, त्याला स्वतःच्या घरात ते फारसं देता आलं नाही. ज्याने माकडांसाठी नैराश्याची विहीर बांधली, तो स्वतः आधी त्या विहिरीचा तळ पाहून आला होता. मी कादंबऱ्या लिहितो. असं पात्र मी रचलं असतं, तर संपादकाने हे जरा अतीच झालं म्हणून हस्तलिखित परत पाठवलं असतं. आयुष्याला असा संपादक नसतो.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात फेअरफिल्ड नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे ३१ ऑक्टोबर १९०५ रोजी हॅरीचा जन्म झाला. आडनाव तेव्हा इस्राएल. चार भावांतला हा तिसरा. हॅरी लहान असतानाच एका भावाला मणक्याचा क्षय झाला. कोरडी हवा मानवेल म्हणून सगळं कुटुंब काही काळ न्यू मेक्सिकोला जाऊन राहिलं. दुखणाईत मूल घरात असलं की आईचा जीव त्याच्याभोवती घुटमळत राहतो. बाकीच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबांतून वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हॅरीने पुढे आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं, ते अर्धवटच राहिलं. त्यात आई मायेने जवळ घेणारी नव्हती अशी आठवण त्याने नोंदवली आहे. त्यासाठी त्याने आईला दोष दिला नाही. पण आयुष्यभर अधूनमधून त्याच्यावर उदासीचं सावट येत राहिलं आणि त्याचं मूळ कुठे असावं, हा विचार त्याच्याही मनात येऊन गेला होता.

शिक्षणासाठी तो कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आला. आधी त्याने इंग्रजी हा विषय घेतला. त्यात गुण इतके वाईट पडले की तो नाद सोडून तो मानसशास्त्राकडे वळला. तिथे लुईस टर्मन हे बुद्धिमापन चाचण्यांसाठी गाजलेले प्राध्यापक होते. १९३० साली हॅरीला डॉक्टरेट मिळाली, तेव्हा टर्मन यांनी त्याला एक व्यवहारी सल्ला दिला. इस्राएल हे आडनाव ज्यू वाटतं, ज्यूंना विद्यापीठांत नोकऱ्या मिळणं कठीण, तेव्हा आडनाव बदल. हॅरीचं घराणं ज्यू नव्हतं. पण ज्या आडनावाने जन्मलो, ते नोकरीच्या दारातच काढून ठेवावं लागलं. वडिलांच्या नावामधला हार्लो हा शब्द त्याने उचलला आणि हॅरी इस्राएलचा हॅरी हार्लो झाला.

त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन या तळ्याकाठच्या शहरात त्याला नोकरी लागली. उंदरांवर प्रयोग करायचे म्हणून मोठ्या उमेदीने तो तिथे पोचला, तर उंदरांची प्रयोगशाळाच पाडून टाकलेली. मग गावातल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन तो पिंजऱ्यांपुढे उभा राहू लागला. माकडं आणि वानर जातीचे मोठे प्राणी कोडी कशी सोडवतात, हे पाहता पाहता उंदीर त्याच्या मनातून उतरले ते कायमचे. पुढे त्याने विद्यार्थ्यांना हाताशी धरून पडक्या इमारतीत प्रयोगशाळा उभी केली.

१९३२ साली त्याने क्लारा मिअर्स हिच्याशी लग्न केलं. टर्मन यांनी अतिशय बुद्धिमान मुलांचा जो प्रसिद्ध अभ्यास चालवला होता, त्या मुलांपैकी ती एक. ती त्याच विभागात पुढचं शिक्षण घेत होती. पण नवराबायकोने एका विभागात असू नये, असा विद्यापीठाचा नियम होता, आणि अशा नियमात घर सांभाळायला कोणी जायचं हे आधीच ठरलेलं असतं. क्लाराने मानसशास्त्र सोडलं. हार्लो मात्र सकाळपासून रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत. दोन मुलगे झाले, त्यांच्या वाट्याला बाप फारसा आलाच नाही. १९४६ मध्ये घटस्फोट झाला. दोन वर्षांनी त्याने मार्गारेट क्यून या मानसशास्त्रज्ञ स्त्रीशी लग्न केलं. तोच नियम पुन्हा आडवा आला आणि तिलाही विभागातली जागा सोडावी लागली.

हार्लोचं नाव आधी झालं ते माकडांच्या बुद्धीवरच्या प्रयोगांमुळे. माकड एकेक कोडं सोडवतं, एवढंच नव्हे. कोडी सोडवायची कशी, हेही ते शिकतं, असं त्याने १९४९ मध्ये दाखवलं. कड्या-खिट्ट्यांची यांत्रिक कोडी पुढे ठेवली, तर कसलाही खाऊ मिळत नसताना ती निव्वळ गंमत म्हणून माकडं सोडवत बसतात, हेही त्याने दाखवून दिलं. पोटाच्या पलीकडेही जिवाला काहीतरी हवं असतं, हे सूत्र त्याच्या हाती इथेच लागलं होतं.

आता या गोष्टीत आपला देश येतो. ही माकडं ऱ्हीसस जातीची होती. मथुरा-वाराणसीच्या देवळांभोवती आणि उत्तर हिंदुस्थानातल्या गावागावांत दिसणारी, लाल तोंडाची. माथेरानला आपल्या हातातलं कणीस पळवतं ते त्याचं दक्षिणेकडचं चुलत भावंड. त्या काळी भारतातून ही माकडं हजारोंच्या संख्येने जहाजांनी आणि विमानांनी परदेशी प्रयोगशाळांत जात. लांबच्या प्रवासात त्यांना नाना रोग जडत, क्षय तर फारच. म्हणून हार्लोने ठरवलं की आपण माकडं इथेच वाढवायची. पिल्लू जन्मलं की सहा ते बारा तासांत आईपासून वेगळं करायचं, स्वच्छ पिंजऱ्यात ठेवायचं, बाटलीने दूध पाजायचं. साठाहून अधिक पिल्लं अशी वाढवली. ती अंगाने चांगली भरली, निरोगी राहिली. पण पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेल्या कापडाला ती घट्ट बिलगून बसत. सफाईसाठी कापड काढलं की आकांत मांडत. आजीच्या लुगड्याच्या गोधडीचा तुकडा धुवायला नेला की आपल्या घरातलं पोर रडून घर डोक्यावर घेतं, अगदी तसंच.

कापडाला बिलगणं ही आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. तेव्हाच्या शास्त्राला ती वाटत नव्हती. बाळाला आई आवडते, कारण ती दूध देते आणि भूक भागवते, यावर एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन्ही पंथ सहमत होते, फ्रॉइडचे अनुयायीही आणि वर्तनवादीही. जॉन वॉटसन या मोठ्या वर्तनवाद्याने १९२८ साली आईबापांसाठी पुस्तक लिहून बजावलं होतं की मुलांना मिठ्या मारू नका, त्यांचे मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका. सकाळी भेटल्यावर हस्तांदोलन करा. अनाथाश्रमांत आणि इस्पितळांत तर शिस्त आणि स्वच्छता यांचंच राज्य. आजारी मुलाला भेटायला आईला आठवड्यातून थोडाच वेळ मिळे. तिच्या येण्याने मूल रडतं म्हणून ती न आलेलीच बरी, असं शहाणीसुरती माणसं म्हणत.

हार्लोने दोन आया बनवल्या. एक नुसत्या तारेच्या जाळीची. दुसरी लाकडाच्या ठोकळ्याची, वर रबराचा फोम आणि त्यावर टर्किश टॉवेलचं मऊ कापड चढवलेली, पाठीमागे उबेसाठी दिवा. आठ पिल्लं घेतली. चौघांना दुधाची बाटली तारेच्या आईकडे, चौघांना टॉवेलच्या आईकडे. दोन्ही आया प्रत्येक पिल्लाच्या आवाक्यात. शास्त्र खरं असतं, तर पहिल्या चौघांनी तारेच्या आईवर जीव लावायला हवा होता. झालं भलतंच. ती पिल्लं तारेच्या आईकडे जात, पोटभर पीत आणि लगेच परत टॉवेलच्या आईकडे येऊन तिला बिलगत. दिवसाचा बहुतेक वेळ ती तिच्याच अंगावर काढत. ढोल बडवणारं चावीचं अस्वल समोर सोडलं, तर जीव खाऊन टॉवेलच्या आईकडे पळत. तिला कवटाळून धीर आला, की मान वळवून त्या अस्वलाकडे चौकसपणे पाहू लागत. अनोळखी खोलीत टॉवेलची आई असली तर खोलीभर हिंडत. नसली तर जमिनीवर अंग दुमडून पडून राहत, अंगठा चोखत, हेलकावे घेत.

वॉशिंग्टनच्या सभेत मांडलं ते हे. स्पर्श आणि ऊब ही चैन नव्हे, ती दुधाइतकीच गरज आहे. त्या भाषणात आणखी एक गोष्ट होती, ती सहसा कोणी सांगत नाही. गोष्ट जर कुशीची असेल, तर ती कुशी बापाचीही चालेल, असं हार्लोने तिथेच मिस्कीलपणे सुचवलं होतं. सुचवणारा स्वतः किती वेळा घरी वेळेवर पोचला, हा प्रश्न त्याच्या मुलांनी विचारायचा.

तिकडे लंडनमध्ये जॉन बोल्बी हे मानसोपचारतज्ज्ञ आईपासून ताटातूट झालेल्या मुलांचा अभ्यास करत होते. १९५१ मध्ये त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यावर अहवाल लिहिला होता. माणसांत त्यांना जे दिसलं, त्याला हार्लोच्या माकडांनी प्रयोगाचा भक्कम आधार दिला. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात आईबापांना मुक्तपणे येऊ द्यावं, अशी शिफारस केली. आज मूल इस्पितळात असताना आई त्याच्या खाटेशेजारी रात्र काढू शकते, ही सोय फुकट मिळालेली नाही.

इथवर गोष्ट गोड आहे. हार्लोने इथेच थांबायचं ठरवलं असतं, तर तो फार सोप्या रीतीने थोर ठरला असता. पण टॉवेलच्या आईजवळ वाढलेली पिल्लं मोठी होऊ लागली आणि ती विचित्र वागू लागली. एकटीच बसून डोलत राहत, स्वतःला चावत. दुसऱ्या माकडांशी कसं वागावं, हे त्यांना कळेना. त्यांना जोडीदार स्वीकारता येईना. काही माद्यांना बळजबरीने गर्भार करण्यात आलं. पिल्लं झाली, तेव्हा त्यातल्या कित्येक आया आपल्या पिल्लाकडे पाठ फिरवून बसल्या, काहींनी त्यांना मारहाण केली, काही पिल्लं आईच्या हातूनच मेली. ज्यांना ढकललं, ती पिल्लं पुन्हा पुन्हा त्याच आईकडे सरपटत येत, हा यातला सगळ्यात पिळवटणारा भाग. जिला माया मिळाली नाही, तिला ती देता आली नाही. पण एक धागा सुटू देता कामा नये. त्यांतल्या काही आया पुढच्या पिल्लाच्या वेळी बऱ्यापैकी सुधारल्या. पहिल्या पिल्लाने सोसून सोसून आईला आईपण शिकवलं, असंच म्हणावं लागेल.

मग हार्लोने आणखी पुढे जायचं ठरवलं. पिल्लांना जन्मापासून संपूर्ण एकांतात ठेवलं. काहींना तीन महिने, काहींना सहा, काहींना बारा. तीन महिन्यांची पिल्लं बाहेर आल्यावर हादरलेली होती. एकाने अन्न सोडलं आणि ते दगावलं, बाकीची सावरली. सहा महिन्यांची फारशी सावरली नाहीत. वर्षभर एकांतात राहिलेल्यांत खेळणं, चौकसपणा, प्रतिकार असं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. १९६५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवढ्या वयात किती दिवसांचं एकटेपण मन कायमचं मोडू शकतं, याचं मोजमाप प्रथमच माणसाच्या हाती आलं.

१९६७ साली हार्लोला अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. शास्त्रज्ञाला याहून मोठा मान त्या देशात क्वचितच मिळतो. पण तेच वर्ष घरात वेगळीच बातमी घेऊन आलं होतं. मार्गारेटला कर्करोग झाला होता. हार्लो पहिल्यापासून पिणारा माणूस, ते आता वाढलं. झोप उडाली, कामातली गोडी गेली. १९६८ मध्ये त्याला मेयो क्लिनिकमध्ये दाखल करून मेंदूला विजेचे सौम्य झटके देण्याचे उपचार करावे लागले. तो कामावर परतला, पण पूर्वीचा हार्लो परत आला नाही, असं त्याच्या भोवतालच्यांना वाटत राहिलं. मार्गारेट १९७१ च्या ऑगस्टमध्ये गेली.

याच वर्षांत त्याच्या प्रयोगशाळेत ती कुप्रसिद्ध विहीर उभी राहिली. पोलादाची, उतरत्या बाजूंची, तळाशी निमुळती होत जाणारी पेटी. खाणंपिणं मिळे, पण वर चढायला जाणारं माकड घसरून पुन्हा तळाशी येई. दोन-तीन दिवसांत ते चढण्याचा नाद सोडून देई आणि कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसे. काही माकडांना दहा आठवड्यांपर्यंत तिथे ठेवलं. चांगल्या कळपात हसतीखेळती वाढलेली माकडंही बाहेर आली ती मन मोडूनच. सहकाऱ्यांनी यंत्राला जरा सोज्वळ नाव द्यावं म्हणून सुचवून पाहिलं. हार्लोने नैराश्याची विहीर हेच नाव धरून ठेवलं. माझ्यासारख्या गोष्टी लिहिणाऱ्याला इथे थांबावंच लागतं. आपण जिथून आलो, ती जागा लोखंडात घडवून दाखवण्याची ही धडपड होती का? की दुःखाने त्याची दुसऱ्याचं दुःख जाणण्याची नसच बधिर केली होती? दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं, एवढं मात्र मला वाटतं.

पण त्याच प्रयोगशाळेत, त्याच काळात, आणखीही एक काम चाललं होतं. स्टीफन सुओमी हा त्याचा तरुण विद्यार्थी. सहा महिने एकांतात काढून मोडून पडलेल्या चार पिल्लांना बरं करता येईल का, हे दोघांनी पाहायचं ठरवलं. बरोबरीच्या वयाच्या माकडांत सोडलं की ती या पिल्लांना बदडून काढत. म्हणून त्यांनी डॉक्टर म्हणून निवडली तीन-चार महिन्यांची, आपल्या आईच्या ओढीतून अजून बाहेर न पडलेली छोटी पिल्लं. मारामारी शिकण्याआधीचं त्यांचं वय. ही पिल्लं कोपऱ्यात डोलत बसलेल्या मोठ्या पिल्लाजवळ गेली आणि त्याला सरळ मिठी मारून बसली. मिठीत सापडलेल्याला डोलणं कठीण होतं. काही आठवड्यांनी तो उलट मिठी मारू लागला, मग खेळू लागला. २६ आठवड्यांचे हे उपचार संपल्यानंतर ती चारही पिल्लं जवळजवळ इतर माकडांसारखी झाली. हा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला कायमचं मोडलेलं म्हणत होते, ते मिठीने पुन्हा सांधलं गेलं. याच विद्यापीठातल्या विल्यम मॅकिनी या मानसोपचारतज्ज्ञाच्या सहभागाने झालेल्या आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ताटातुटीने खचलेल्या माकडांना माणसांच्या नैराश्यावरचं इमिप्रामिन हे औषध दिलं गेलं आणि तीही सुधारली. म्हणजे हे दुखणं शरीरातही असतं, त्याला औषधाचाही गुण येतो आणि मिठीचाही.

१९७२ मध्ये हार्लोने पुन्हा लग्न केलं, ते क्लाराशीच. तीच पहिली बायको, जिने चाळीस वर्षांपूर्वी त्याच्यासाठी मानसशास्त्र सोडलं होतं. दोघं १९७४ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन इथे राहायला गेले. १९७९ मध्ये दोघांच्या नावाने एक पुस्तकही निघालं, म्हणजे क्लाराचं नाव त्या विषयात अखेर छापलं गेलं. दरम्यान, १९७८ मध्ये भारत सरकारने माकडांची निर्यात बंद केली. पिंजऱ्यांतून परदेशी जाणाऱ्या त्या मथुरा-वाराणसीच्या मुशाफिरांची वाट एकदाची थांबली. १९७५ मध्ये पीटर सिंगर यांनी प्राण्यांच्या मुक्तीविषयी जे पुस्तक लिहिलं, त्यातल्या आरोपींत हार्लो होता. ६ डिसेंबर १९८१ रोजी तो गेला. अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्याला गाठलं होतं.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत ही वाट माकडांकडून माणसाच्या पेशींपर्यंत पोचली. आईविना, केवळ बरोबरीच्या पिल्लांत वाढलेल्या माकडांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा व्यवहार बिघडलेला असतो आणि ती दारूकडे अधिक वळतात, हे सुओमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. कॅनडात मायकेल मीनी यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांत दाखवून दिलं, की आई पिल्लाला किती चाटते-गोंजारते, त्यावर पिल्लाच्या मेंदूतल्या एका जनुकावर रासायनिक खुणा उमटतात. या जनुकाचं काम तणाव आला की त्याला लगाम घालण्याचं. जनुक बदलत नाही, त्याचा आवाज कमी-जास्त होतो. एका आईचं पिल्लू दुसऱ्या मायाळू आईकडे दिलं, तर खुणाही बदलतात. २००० साली क्रिस्टीन हाइम आणि चार्ल्स नेमेरॉफ यांनी लहानपणी छळ सोसलेल्या स्त्रियांना लोकांपुढे बोलायला आणि तोंडी हिशेब करायला लावलं. त्यांच्या शरीरातली तणावाची संप्रेरकं इतरांहून फार उसळली. वर्षं उलटून गेली होती, पण शरीराला ती जुनी धमकी अजून पाठ होती.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या साडेनऊ हजार माणसांच्या पाहणीतून व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी दाखवलं, की लहानपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांना दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चौपटीपासून बारापटीपर्यंत वाढतो. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथाश्रमांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत पाठवण्यात आलं. कुटुंबात गेलेल्या मुलांत मागे राहिलेल्यांपेक्षा चिंता आणि नैराश्याचे आजार कमी आढळले. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची बुद्धीची वाढ आणि माणसांशी नातं जोडण्याची ताकद अधिक सुधारली. पण या वाटेवर काही ठिकाणी घाईही झाली. २००३ मध्ये एका जनुकाचा आणि आघाताचा मिळून नैराश्याशी थेट संबंध जोडला गेला, फार गाजावाजा झाला. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो टिकला नाही. एकाच जनुकावर सगळं खापर फोडता येत नाही.

आईवरही फोडता येत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. असे लेख वाचून उगाच अपराधी वाटणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. कामावर जाणारी आई ही तारेची आई नव्हे. संध्याकाळी दमून आलेल्या, चिडलेल्या आईने एखादा दिवस जवळ घेतलं नाही, म्हणून कोणाच्या जनुकांवर डाग पडत नाही. हे सगळं संशोधन आहे ते महिनोन्महिन्यांच्या एकटेपणाविषयी, सततच्या छळाविषयी, कुणीच नसण्याविषयी. आणि कुणीतरी म्हणजे फक्त जन्म देणारी नव्हे. बाप चालतो, आजी-आजोबा चालतात, मावशी-आत्या चालते, दत्तक घेणारी परकी माणसं चालतात. चार छोट्या माकडिणी चालल्या, तर माणसं का चालू नयेत? आघात झाला म्हणजे आयुष्य संपलं, असाही याचा अर्थ नाही. धोका वाढतो, इतकंच. नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही.

आयुष्यातला मोठा काळ मी बँकेत काढला, त्यामुळे माणसाचाही ताळेबंद मांडून पाहायची खोड लागली आहे. हार्लोचा ताळेबंद मात्र जुळत नाही. जमेच्या बाजूला आजारी मुलाच्या खाटेशेजारी बसलेल्या आया आहेत, अनाथाश्रमाऐवजी कुटुंब मिळालेली मुलं आहेत, नैराश्याला मनाचा कमकुवतपणा न म्हणता आजार म्हणणारं वैद्यक आहे. खर्चाच्या बाजूला त्या पोलादी पेटीच्या तळाशी मुटकुळं करून बसलेलं माकड आहे. त्या माकडाला कोणी विचारलं नव्हतं. रेने स्पिट्झ यांनी १९४० च्या दशकातच संस्थांमधल्या तान्ह्या मुलांत ही कोमेजून जाण्याची लक्षणं नोंदवली होती. मग विहीर खरंच हवी होती का? मला विचाराल तर टॉवेलची आई हवी होती, कारण त्याशिवाय जग मानायला तयार नव्हतं. विहीर नको होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनेही सुओमी यांच्या प्रयोगशाळेतलं पिल्लांच्या ताटातुटीचं काम थांबवण्याचा निर्णय २०१५ मध्ये जाहीर केला.

आपल्या आज्यांना हे सगळं माहीत होतंच की, असं कोणी म्हणेल. माहीत होतं, पण आजीचा शब्द इस्पितळाच्या नियमावलीत चालत नव्हता, अनाथाश्रमाच्या विश्वस्तांपुढे चालत नव्हता. तिथे आकडे लागतात, आणि ते आकडे मुक्या जिवांनी भरून दिले. त्यांचं ऋण फेडायचा एकच मार्ग मला दिसतो. ते ज्ञान फुकट जाऊ द्यायचं नाही. संस्थेत एकटं पडलेलं मूल, घरात मार खाणारं मूल, आईबापांच्या भांडणात कोपऱ्यात बसून राहिलेलं मूल आपल्या नजरेला पडलं, तर ते मोठं झालं की आपोआप विसरेल, असं आता कोणाला म्हणता येणार नाही. त्याचं शरीर विसरत नाही. पण वेळीच कोणी जवळ घेतलं, तर तेच शरीर सावरायलाही शिकतं.